हलका हात

सरकारी विम्याच्या लेखी
दात हा शरीराचा भाग नाही.
गुडघा आहे, मोतीबिंदू आहे,
पण घास ज्यानं बारीक होतो त्याला कुठल्याच रकान्यात जागा नाही.
म्हणून गेली तीन वर्षं मी डाव्या बाजूनंच जेवले.
सफरचंद कागदासारखं पातळ चिरून,
मक्याचं कणीस सुरीनं खरवडून,
तेही नेब्रास्कात, जिथं मक्याशिवाय दुसरं क्षितिज नाही.
नातीच्या लग्नाच्या फोटोत मी ओठ मिटून उभी आहे.
सगळ्यांना वाटलं, मला मुलगा पसंत नाही.
(नव्हताच. पण ते वेगळं.)

गावातल्या डॉक्टरनं सांगितलं,
दाढ काढून नवी बसवायला चार हजार डॉलर.
गोड हसून सांगितलं,
त्याची बत्तिशी होती जागच्या जागी.
एकतीस वर्षं मी शाळेची बस चालवली,
‘खाली बसा, खाली बसा’ म्हणून दातांच्या कण्या केल्या,
आणि आता त्या कण्यांचं हे बिल.

मग बिंगोच्या टेबलावर विनिफ्रेडनं
कार्डाच्या पाठीवर लिहून दिलं:
युमापर्यंत गाडी, पुढं सरहद्द पायी.
चष्म्याच्या दुकानावर निळा दरवाजा.
बेर्रेयेसाबाई.
जिथं फुकट टकीला देतात तिथं शिरू नकोस.
हात हलका.
शेवटच्या दोन शब्दांखाली तीन रेघा.
नुसता पत्ता मिळणं आणि माणूस मिळणं
यातला फरक विनिफ्रेडला कळतो,
तिनं दोन नवरे बदललेत आणि पाच डेंटिस्ट.

लोखंडी फिरतं दार एकदा कुरकुरलं
आणि मी दुसऱ्या देशात.
रस्ताभर दातांच्याच पाट्या,
एका छपरावर वासराएवढी प्लास्टिकची कवळी,
तिच्यात कबुतरं.
काठीसारखा एक माणूस चालता चालता चिकटला,
नाव हिल्बेर्तो.
‘आजी, चांगला डॉक्टर! स्वस्त डॉक्टर!’
म्हटलं, दोन्ही एकाच खुर्चीमागं उभे असतात का रे?
तो मनापासून हसला,
आणि वरचा सुळा असायला हवा तिथं
मला नुसती फट दिसली.

निळ्या दरवाजामागच्या बाई बुटक्या,
केसांत पेन्सिल खोचलेली.
आरसा फिरवत राहिल्या, बराच वेळ.
‘काढायला कुणी सांगितलं?
मूळ जिवंत आहे. भरून होईल.’
आकडा कागदावर लिहिला.
मी चष्मा लावून राहिलेलं शून्य शोधलं.
नव्हतं.

सुई टोचायच्या आधी विचारून घेतलं,
तो खालचा हिल्बेर्तो, त्याचा दात?
‘तीनदा बोलावलं.
मंगळवार दिला की मंगळवारी तुमच्या लोकांची बस येते.
एका तोंडामागं त्याला तीन डॉलर.
तो इथं आ करून बसला
तर तुमची तोंडं शेजारच्या दारात जातात.’
एवढं बोलून त्यांनी सुई ठेवून दिली,
तेव्हा मला कळलं की टोचून झाली होती.

काउंटरवरच्या मुलीनं पैसे मोजले, वही उघडली:
‘कुणी आणलं तुम्हाला?’
पर्समध्ये बिंगोचं कार्ड होतं.
मी म्हटलं, हिल्बेर्तो.
अर्ध्या जिभेतून ते ‘इबेओ’ असं काहीतरी बाहेर पडलं,
पण तिनं लिहिलं.

परतीची रांग दोन तासांची.
ऊन, औषधांच्या पिशव्या, सुजलेले गाल,
कुणीच फारसं बोलत नव्हतं, बोलता येत नव्हतं.
खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्यानं पासपोर्ट उलटला.
‘काय आणलंत बाई?’
मी तोंड उघडून दाखवलं.
तो वाकून आत बघत राहिला,
सरकारी कामाला लागतं त्याहून जरा जास्तच.
मग उजव्या गालावर हात ठेवून
हळूच विचारलं: ‘कोणता डॉक्टर?’

मी कार्ड काचेला लावून धरलं.
मागं रांग खोळंबलेली,
आणि तो ओठ हलवत
ते पाठ करत होता.